स्वयंसेवकांच्या बळावर मुलांचा फुटबॉल क्लब कसा उभारावा

मुलांसाठी फुटबॉल क्लब काढायचा म्हटले की डोळ्यांसमोर आधी मैदान, गोलपोस्ट आणि रंगीत जर्सी येतात. पण स्वयंसेवकांच्या भरवशावर चालणाऱ्या क्लबची जुळवाजुळव त्याच्या बरीच आधी, मोठ्या माणसांनी आपापसांत कामे वाटून घेण्यापासून सुरू होते. एकाच उत्साही व्यक्तीने प्रशिक्षण द्यायचे, पैसे गोळा करायचे, चेंडू वाहून आणायचे आणि पालकांचे फोनही घ्यायचे, असे झाले तर ती व्यक्ती थकते आणि तिच्याबरोबर क्लबही थांबतो. म्हणून चार-पाच जण खात्रीने मिळेपर्यंत मुलांची नोंदणी सुरू करू नये. अध्यक्ष, सचिव, खजिनदार, प्रशिक्षणप्रमुख आणि मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी घेणारी व्यक्ती, एवढ्या जागा भरल्या की सुरुवातीला पुरे.

नियमावली दोन पानांची असली तरी चालेल, पण ती लिखित हवी. क्लब कोणत्या वयाच्या मुलांसाठी आहे, निर्णय कसे होतात, पदाधिकारी किती काळासाठी असतात आणि क्लब बंद झाल्यास शिल्लक पैशांचे काय करायचे, हे त्यात स्पष्ट असावे. बँक खाते क्लबच्या नावाने उघडावे, पैसे काढण्यासाठी दोन जणांच्या सह्या लागाव्यात आणि जमाखर्च पालकांना ठरावीक काळाने दाखवावा. ज्या घराला वर्गणी परवडत नाही, त्या घरातील मुलाला ती माफ करण्याची सोय पहिल्या दिवसापासून ठेवावी आणि तिची वाच्यता होऊ देऊ नये. आपल्या भागातील फुटबॉल संघटनेकडे संलग्नतेची व विम्याची चौकशी लवकर करावी, कारण अधिकृत सामने खेळण्यासाठी संलग्नता बहुतेक ठिकाणी लागते आणि त्या कामाला वेळ जातो.

मुलांच्या सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र कोणाच्याही भिडेला बळी पडू नये. मुलांबरोबर काम करणाऱ्या प्रत्येकाची, मग ती व्यक्ती कितीही ओळखीची असो, स्थानिक कायद्यानुसार करता येईल ती पार्श्वभूमी तपासणी करावी. एक प्रौढ आणि एक मूल बंद जागेत किंवा वाहनात एकटे राहणार नाहीत, सरावाला कायम किमान दोन प्रौढ हजर असतील आणि मुलांना खासगी संदेश न पाठवता सर्व निरोप पालकांमार्फत जातील, हे तीन नियम लेखी द्यावेत. हा अविश्वास नव्हे. या नियमांमुळे मुलाचे रक्षण होते, तसेच प्रामाणिक स्वयंसेवकाचेही होते. नोंदणीच्या अर्जात पालकांची संमती, तातडीच्या वेळी संपर्क करण्याचे क्रमांक, दमा, ॲलर्जी आणि चालू औषधे यांची माहिती घ्यावी, आणि ती सरावाच्या वेळी मैदानावर जबाबदार व्यक्तीच्या हाताशी असावी.

मैदान वापरण्याची परवानगी लेखी घ्यावी आणि प्रत्येक सरावाआधी एकाने पूर्ण मैदान पायी फिरून खड्डे, काचा व दगड पाहावेत. हलवता येणारे गोलपोस्ट जमिनीला खिळवलेले किंवा पुरेशा वजनाने दाबलेले नसतील तर सराव सुरूच करू नये. असे गोलपोस्ट अंगावर पडून मुलांचे मृत्यू झाले आहेत. मेघगर्जना ऐकू आली की सर्वांनी पक्क्या इमारतीत जावे आणि शेवटच्या गर्जनेनंतर 30 मिनिटे उलटल्याशिवाय परत येऊ नये. प्रथमोपचार पेटी आणि ती वापरता येणारी व्यक्ती, दोन्ही हवीत. डोक्याला मार लागून मूल गोंधळलेले दिसले, तर त्याला त्या दिवशी पुन्हा खेळवू नये व डॉक्टरांना दाखवावे.

आता प्रत्यक्ष खेळाकडे. मोठ्यांचा गोल 7.32 मीटर रुंद आणि 2.44 मीटर उंच असतो. आठ वर्षांच्या गोलरक्षकाला त्यात उभे करणे अन्यायाचे आहे. खेळाचे नियमच मुलांसाठी मैदान, गोल, चेंडू आणि सामन्याचा कालावधी लहान करण्यास मुभा देतात. साधारणपणे आठ वर्षांखालील मुलांना 3 क्रमांकाचा, आठ ते बारा वयोगटाला 4 क्रमांकाचा आणि त्यापुढे 5 क्रमांकाचा चेंडू द्यावा. लहानग्यांचे सामने चारास चार असे खेळवावेत, कारण एका चेंडूमागे बावीसऐवजी आठच मुले असली की प्रत्येकाच्या पायाशी चेंडू कितीतरी अधिक वेळा येतो आणि कोपऱ्यात उभे राहण्याची वेळ कोणावर येत नाही. पुढे सातास सात, नंतर नवास नऊ अशी संख्या वाढवावी. शिन गार्ड, म्हणजे नडगीला मार लागू नये म्हणून बांधायचे कवच, सरावातही सक्तीचे करावेत. अमेरिकेच्या फुटबॉल महासंघाने 2015 मध्ये दहा वर्षे व त्याखालील मुलांसाठी हेडरवर, म्हणजे डोक्याने चेंडू मारण्यावर, बंदी जाहीर केली. आपल्या संघटनेचा असा नियम नसला तरी लहान वयात हेडरचा सराव टाळणेच मला योग्य वाटते.

सरावात रांगा लावून मुलांना ताटकळत ठेवू नये. तासाभराच्या सरावात थोडे शरीर मोकळे करणे, प्रत्येकाला स्वतंत्र चेंडू देऊन केलेले खेळ आणि शेवटी छोटा सामना एवढे पुरते. दर सामन्यात प्रत्येक मुलाला किमान अर्धा वेळ खेळायला मिळेल, हे हंगामापूर्वीच पालकांना सांगावे, म्हणजे सामना अटीतटीचा झाला तरी प्रशिक्षकाला कमकुवत खेळाडू बाहेर बसवण्याचा मोह आवरता येतो. सीमारेषेवरून पालकांनी टाळ्या वाजवाव्यात. सूचना प्रशिक्षकानेच द्याव्यात आणि पंचाशी वाद कोणीही घालू नये. विशेषतः पंच स्वतः किशोरवयीन असेल, तर हे अधिक काटेकोरपणे पाळावे.

नवे स्वयंसेवक मिळवताना “मदत करा” असे मोघम आवाहन करू नये. “सहा आठवडे, शनिवारी सकाळी मैदानावर शंकू मांडणे” असे नेमके आणि मुदतीचे काम समोर ठेवले की होकार मिळतो. प्रत्येक पदाला एक सहायक जोडावा, खात्याचे तपशील, अर्जांचे नमुने आणि मैदानाच्या परवानगीची कागदपत्रे एका फाइलमध्ये ठेवावीत, आणि हंगाम संपताच, पुढची नोंदणी सुरू होण्यापूर्वी, ती फाइल नव्या पदाधिकाऱ्यांच्या शेजारी बसून त्यांच्याकडे सोपवावी.