कम्युनिकेशनची डिग्री, पगार आणि लोन: 1 मेच्या आधी काय काय बघून ठेवायचं

लेकीला कम्युनिकेशनमध्ये मेजर करायचंय हे कळल्यावर निम्म्या नातेवाइकांनी नाकं मुरडली, त्यात पैसे कुठे असतात म्हणे, आणि उरलेले म्हणाले हल्ली मीडियात फार स्कोप आहे, पण आकडा विचारला तर दोन्हीकडे चिडीचूप. इथे अमेरिकेत ज्यांची मुलं यंदा बारावीत आहेत त्यांच्यासाठी लिहितेय, कॉलेजला हो म्हणायच्या आधी (बहुतेक ठिकाणी ती मुदत 1 मे असते) घरी काय तयारी करायची ते.

सगळ्यात आधी फायनान्शियल एडचं पत्र प्रिंट करा आणि लाल पेन घेऊन बसा. आम्हाला आलेल्या एका पत्रात खाली ठळक अक्षरात 'एकूण मदत' आणि पुढे तुम्ही भरायचे शून्य! मी तर हरखलेच. मग लेकीने एकेका ओळीवर बोट ठेवलं, स्कॉलरशिपच्या खाली 'डायरेक्ट अनसब' (मुलीच्या नावावरचं सरकारी लोन), त्याच्याखाली 'पेरेंट प्लस' (आईवडिलांच्या नावावरचं सरकारी लोन), म्हणजे त्या मदतीतला निम्म्याहून जास्त पैसा आपणच व्याजासकट फेडायचा होता. तर लोनच्या ओळी खोडायच्या, उरलेली ग्रँट आणि स्कॉलरशिप ट्यूशन-राहणं-जेवण-पुस्तकं या सगळ्याच्या बेरजेतून वजा करायची, तो खरा खर्च. त्याला नुसतं चारने गुणू नका, फी वाढत जाते, आणि स्कॉलरशिप टिकवायला जीपीए किती लागतो ते ईमेलने विचारून लेखी उत्तर घ्या, फोनवरचं नंतर कोणाला आठवत नाही.

मग लोनचा हिशेब. आईवडिलांवर अवलंबून असलेल्या मुलाला स्वतःच्या नावावर फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचं, लोन पहिल्या वर्षी 5,500, दुसऱ्या वर्षी 6,500 आणि पुढची दोन वर्षं 7,500 डॉलरपर्यंतच मिळतं, म्हणजे चार वर्षांचे 27,000. पहिल्या वर्षाच्या 5,500 मधले जास्तीत जास्त 3,500 सबसिडाइज्ड (शिकत असताना व्याज सरकार भरतं ते) असू शकतात, तेही गरज दिसली तर, बाकीच्यावर पैसे हातात आल्या दिवसापासून व्याज चालू. व्याजदर दरवर्षीच्या लोनला वेगळा लागतो आणि पुढच्या वर्षाचा मे महिन्यात ठरतो, म्हणून मी हिशेबाला 2025-26 चा 6.39 टक्के धरला. 27,000 दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला साधारण 305 डॉलर. पण 1 जुलै 2026 पासून घेतलेल्या नव्या लोनला नियम बदललेत, स्टँडर्ड, म्हणजे ठरावीक हप्त्यांच्या, प्लॅनमध्ये 25,000 ते 50,000 च्या मधलं कर्ज पंधरा वर्षांवर जातं, हप्ता 234 च्या आसपास उतरतो आणि एकूण फेड 36,600 वरून 42,000 वर. हप्ता कमी झाला म्हणून खूश होण्यात अर्थ नाही, आधी फेडलं तर दंड नसतो तेवढं बरं. कॉलेजात शिकताशिकता वर्षाला थोडंथोडं व्याज भरता येतं का तेही बघून ठेवा.

आता पगार, आणि इथेच सगळे फसतात. शिक्षण खात्याच्या कॉलेज स्कोअरकार्ड या वेबसाइटवर 2019 पासून कॉलेज आणि विषय दोन्ही निवडून मधला (निम्म्यांना त्याहून जास्त, निम्म्यांना कमी असा) पगार आणि मधलं कर्ज बघता येतं. बघताना तिथे विषयाचं नाव नीट वाचा, कम्युनिकेशन अँड मीडिया स्टडीज वेगळं, जर्नालिझम वेगळं, पब्लिक रिलेशन्स-ॲडव्हर्टायझिंग वेगळं, एकाच कॉलेजात तिघांचे आकडे वेगवेगळे निघतात. हे आकडे फक्त फेडरल मदत घेतलेल्या मुलांचे असतात. कर्जाचा आकडा डिग्री पूर्ण केलेल्यांचा, मध्येच सोडून कर्ज घेऊन घरी बसलेली मुलं त्यात नाहीत. बँकेचं प्रायव्हेट लोन त्यात धरलेलं नाही आणि पेरेंट प्लस वेगळं दाखवतात. डिपार्टमेंट लहान असेल तर आकडाच दिसत नाही, ते लपवाछपवी म्हणून नाही, मोजक्या मुलांची माहिती उघडी पडू नये म्हणून.

सोबत बीएलएसचे, म्हणजे सरकारी कामगार आकडेवारी खात्याचे, पगार बघा, मे 2024 चे मधले आकडे म्हणजे पीआर स्पेशालिस्ट 70,000 च्या जवळ, रिपोर्टर-पत्रकार 60,000 च्या आसपास, टेक्निकल रायटर 90,000 च्या वर. पण हे वीस वर्षं काम केलेल्यांनाही धरून आहेत, बाविशीच्या पोरीला पहिल्या दिवशी ते मिळणार नाहीत. आमच्या घरी ठरलं ते असं की एकूण कर्ज पहिल्या वर्षाच्या अंदाजे पगाराच्या आत, आणि पगार धरताना स्कोअरकार्डचा आकडासुद्धा थोडा खालीच धरायचा.

एक खर्च कोणी सांगत नाही, तो इंटर्नशिपचा. या क्षेत्रात बिनपगारी इंटर्नशिप खूप, आणि ती क्रेडिटसाठी, म्हणजे डिग्रीत धरली जावी म्हणून, केली तर उन्हाळ्यात त्या क्रेडिटची ट्यूशन आपणच भरायची, वर मोठ्या शहरातलं भाडं, म्हणजे फुकट राबायचे पैसे आपल्याच खिशातून! डिपार्टमेंटला सरळ विचारा, गेल्या वर्षीच्या मुलांपैकी किती जणांना पगारी इंटर्नशिप मिळाली, आणि उत्तर देताना ते किती घुटमळतात तेही लक्षात ठेवा.

भारतातून येणाऱ्या भाच्यापुतण्यांना हे फेडरल लोन मिळतच नाही, आणि बहुतेक कम्युनिकेशन डिग्र्या स्टेम (विज्ञान-तंत्रज्ञान-गणित विषयांच्या) यादीत नसल्याने ओपीटी, म्हणजे डिग्रीनंतर इथे काम करायची परवानगी, बारा महिन्यांचंच, त्यांचा हिशेब पूर्ण वेगळा मांडावा लागतो.

शेवटी पेरेंट प्लस. 2025-26 चा दर 8.94 टक्के, वर चार टक्क्यांहून जास्त फी आधीच कापून घेतात, आणि ते कर्ज लेकीचं नाही, आपलं. पत्रात आलंय म्हणून घ्यायलाच हवं असं काही नाही. आम्ही पोर्टलवर लेकीचं लोन ठेवलं आणि हे डिक्लाइन केलं, ते बटण पानाच्या पार तळाशी बारीक अक्षरात होतं, शोधायला वीस मिनिटं गेली.