गणवेश ठरवण्याआधी कापड धुऊन बघा

मी गणवेश शिवते, शाळांचे आणि कामगारांचेही. माझ्यासमोर बहुतेक वेळा एक चित्र येतं: हा रंग, हा बिल्ला, अशी कॉलर. ते कपडे घालून माणूस दिवसभर काय करणार, हे मात्र मला खोदून खोदून विचारावं लागतं. म्हणून शाळेत किंवा कंपनीत गणवेश ठरवायचं काम तुमच्याकडे आलं असेल, तर रंगाचा विषय जरा लांब ठेवा. आधी कापड, मग हालचाल, मग मापं, आणि नियमांचा कागद सगळ्यात शेवटी.

कापड पसंत करण्याआधी मीटरभर तुकडा मागून घ्या. त्यावर न जाणाऱ्या शाईने 50 सेंटीमीटरचा चौकोन आखा. घरी कपडे धुतो तसा तो तीनदा धुवा, वाळवा, इस्त्री करा आणि पुन्हा मोजा. उभी बाजू साडेअठ्ठेचाळीस भरली तर कापड तीन टक्के आटलं. म्हणजे 96 सेंटीमीटरची पँट जवळजवळ तीन सेंटीमीटर आखूड होणार, आणि तेही वर्ष सुरू होऊन महिना झाला नाही तोवर. सुती कापड गिरणीत ताणलेल्या अवस्थेत तयार होतं. पाणी लागलं की धागे पुन्हा जवळ येतात. सॅनफर्ड क्लुएट या अमेरिकी संशोधकाने 1930च्या सुमारास शिवण्याआधीच कापड यंत्रावर दाबून आटवायची पद्धत काढली, तेव्हापासून हा त्रास पुष्कळ कमी झाला. तरीही थानावर काय छापलंय यापेक्षा धुतलेल्या तुकड्यावर विश्वास ठेवा.

त्याच तुकड्यावर ओला पांढरा फडका जोर देऊन घासा. फडक्यावर रंग आला तर गडद स्कर्टचा रंग पांढऱ्या शर्टालाही लागणार. पांढरं कापड असेल तर ते ओलं करून छापील कागदावर ठेवा. अक्षरं वाचता आली तर ते कापड नको. घामाने किंवा पावसाने भिजलेल्या शर्टात मुलींना दिवसभर दप्तर छातीशी धरून बसावं लागतं, आणि हे ठरवणाऱ्यांच्या ध्यानातही येत नाही. पॉलिएस्टर जास्त असलेलं कापड लवकर वाळतं, चुरगळत नाही, टिकतंही. पण अंगात उकडतं आणि घासलं जातं तिथे गोळे येतात. मुलांच्या शर्टात निम्मं तरी सूत असावं, असं माझं ठाम मत आहे.

आता हालचाल. एकच नमुना शिवून घ्या आणि तो पुतळ्याला नको, मुलाला घाला. दोन्ही हात वर करायला सांगा, उकिडवं बसवा, मांडी घालायला लावा, दोन-दोन पायऱ्या चढू द्या. हात वर केल्यावर शर्ट कमरेतून बाहेर आला की सगळे म्हणतात, "अजून ढगळ शिवा, मुंढा खाली घ्या." मुंढा म्हणजे बाही जोडायची खाच, आणि इथेच गडबड होते. मुंढा जितका खाली, तितका बाहीचा आणि कुशीचा जोड खाली जातो. मग हात उचलला की तो जोड शर्टाची अख्खी बाजू वर ओढतो. मुंढा काखेच्या जवळ ठेवून बाही थोडी रुंद कापली की हात मोकळा वर जातो आणि शर्ट जागेवर राहतो. पाठीवर खांद्यालगत दोन चुण्या दिल्या तर पुढे वाकतानाही ताण येत नाही. कारखान्यातल्या शर्टालाही हेच लागू. वरच्या फळीवरून सामान काढणाऱ्या माणसाचा शर्ट दर वेळी सुटत असेल, तर शिस्त त्याची नाही, मुंढ्याची बिघडलेली आहे.

मापं वयावरून किंवा इयत्तेवरून कधीच घेऊ नका. एकाच वर्गात डोकंभर फरकाची मुलं असतात. प्रत्येक साइजचा एक तयार कपडा ठेवा आणि मुलांना प्रत्यक्ष घालून बघू द्या. शाळकरी वयात मूल वर्षाला साधारण पाच ते सहा सेंटीमीटर उंच होतं, वयात येताना त्याहूनही झपाट्याने. आणि त्या काळात पाय धडाच्या आधी लांबतात, त्यामुळे पँट सगळ्यात आधी तोकडी पडते. यावर दोन मापं मोठा कपडा हा उपाय नव्हे. पायात येणारी पँट घालून मूल खेळत नाही. मापाचाच कपडा घ्या, पण आत माया, म्हणजे पुढे उसवून वाढवता येईल असं जादा कापड, ठेवून घ्या. पायाशी सहा-सात सेंटीमीटर दुमड, बाहीला तीन-चार, पँटच्या मागच्या मधल्या शिवणीत प्रत्येक बाजूला अडीच सेंटीमीटर. शिवणाऱ्याला हे लेखी द्या, कारण ओव्हरलॉक मशिन कडा कापत जातं आणि एकदा कापलेली माया परत येत नाही. दुमड उसवल्यावर जुनी घडी रेघेसारखी दिसते. तिच्यावर त्याच रंगाच्या धाग्याने टीप मारली की ती शिवणीतच जमा होते.

खिसे सगळ्यांना द्या. मुलींच्या स्कर्टला आणि ट्युनिकला कुशीच्या शिवणीत मनगटापर्यंत हात जाईल इतका खोल खिसा सहज बसतो. पँटचा पर्यायही मुलींना खुला ठेवा, त्यासाठी अर्ज-विनंत्या नकोत.

कामाच्या जागी पहिला प्रश्न धोक्याचा. वेल्डिंगच्या माणसाला पॉलिएस्टर देणं मी सरळ नाकारते. ते साधारण 260 अंश सेल्सिअसला वितळतं आणि कातडीला चिकटतं. जाड सुती कापड जळतं, पण वितळून अंगाला डकत नाही. अशा कपड्यांच्या खिशांना झाकण हवं आणि पँटच्या तळाला बाहेरची घडी नको, ठिणग्या नेमक्या तिथे साठतात. फिरत्या यंत्राजवळ टाय, ओढणी, सैल बाही, अंगठी, काही नको. बाही मनगटाला घट्ट बसणारी किंवा कोपराच्या वर. चमकणाऱ्या पट्ट्यांच्या जॅकेटवर गरम इस्त्री फिरवली की पट्टीची चमक मरते, म्हणून जॅकेटवरचं धुण्या-इस्त्रीच्या सूचनांचं लेबल धुणाऱ्या माणसापर्यंत पोचवा. रुग्णालयांसाठी इंग्लंडमध्ये 2007मध्ये कोपराखाली हात उघडे ठेवायचा दंडक आला, कारण लांब बाह्यांची टोकं रुग्णांना लागतात आणि मनगटापर्यंत हात नीट धुता येत नाहीत. रुग्णालयासाठी कपडा 60 अंशांच्या पाण्यात दहा मिनिटं धुतला तरी टिकेल असाच घ्या, रंगासकट.

बुटांबद्दल एवढंच: पुढून बंद, तळ न घसरणारा, आणि दिवसभर उभं राहणाऱ्याला उंच टाच सक्तीची नको.

आता नियमांचा कागद. "शोभेसा पोशाख" असं कधीही लिहू नका. त्याचा अर्थ प्रत्येक साहेब आपापला लावतो आणि त्याचा जाच बहुतेक बायकांना होतो. प्रत्येक नियमापुढे त्याचं कारण लिहा. कारण सुचत नसेल तर तो नियम खोडा. कारणाला किती वजन असतं, हे स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयाच्या जानेवारी 2013च्या एका निकालात दिसतं. गळ्यात क्रूस घालणाऱ्या दोघींच्या तक्रारी त्यात होत्या. विमान कंपनीतल्या बाईंच्या बाजूने निकाल लागला, कारण कंपनीची बाजू आपल्या प्रतिमेची होती आणि तिला नको तितकं महत्त्व दिलं गेलं होतं. परिचारिकेची तक्रार मात्र फेटाळली गेली, कारण तिथे प्रश्न रुग्णांच्या आणि तिच्या सुरक्षिततेचा होता. वस्तू तीच, कारणं वेगळी.

सवलत कोणाकडे आणि कशी मागायची, हेही त्याच कागदावर असू द्या. डोक्यावरचं वस्त्र गणवेशाच्याच कापडात शिवून देता येतं. गरोदर बाईला पोटाशी इलॅस्टिकची पँट लागते. व्हीलचेअरवर बसणाऱ्या माणसाच्या पँटला मागचे खिसे आणि जाड शिवण ठेवू नका, सतत दाबून कातडी फुटते. मागची बाजू उंच कापा म्हणजे बसल्यावर कमर उघडी पडत नाही. काही मुलांना गळ्यामागचं लेबल इतकं टोचतं की त्यांचं लक्षच लागत नाही. ते शिवण्याऐवजी कापडावरच छापून घ्या.

माल आला की गठ्ठा वरवर बघून सही करू नका. मधला एखादा कपडा ओढून काढा, त्याच मापाचा दुसरा त्यावर पसरून लांबी आणि खांदा जुळतो का पाहा, बटण पिळून बघा, आतली माया मोजा. रंगाच्या दोन घाण्यांत, म्हणजे वेगवेगळ्या वेळी रंगवलेल्या कापडांत, छटा थोडी तरी बदलतेच, तेव्हा त्याच घाण्यातलं चार-पाच मीटर कापड आणि मूठभर बटणं दुरुस्तीसाठी त्याच दिवशी मागून ठेवा.