आरोग्य केंद्रात औषध नसेल तर काय करावे
महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. तरीही ‘साठा संपला’ असे सांगून बाहेरची चिठ्ठी दिली, तर ती जपून ठेवावी, कारण तारीख आणि औषधाचे नाव असलेला तोच आपला पुरावा असतो. चिठ्ठीवर कंपनीच्या ब्रँडचे नव्हे, तर औषधाचे मूळ (जेनेरिक) नाव लिहून घ्यावे; जनऔषधी केंद्रात तेच औषध बरेच स्वस्त मिळते. रक्तदाबाची गोळी मात्र तक्रारीच्या निकालापर्यंत थांबवू नये. वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी (तोंडी तक्रार दारातच विरते), आणि तरीही औषध आले नाही, तर माहितीच्या अधिकाराखाली १० रुपये शुल्क भरून साठ्याची नोंद व शेवटच्या मागणीची तारीख मागवावी. उत्तर ३० दिवसांत मिळायला हवे.