कूलर बंद, मगच ‘ला त्राव्हियाता’

ऑपेरा कधीच न ऐकलेल्या चार-सहा जणांना घरी जमवायचं असेल, तर नागपुरात त्याचा मोसम दिवाळीनंतर फेब्रुवारी संपेपर्यंत. इटालियन संगीतकार जुझेप्पे व्हेर्दीच्या ‘ला त्राव्हियाता’ या ऑपेराची, म्हणजे गाऊन सांगितलेल्या नाटकाची, सुरुवात व्हायोलिनच्या जेमतेम ऐकू येणाऱ्या सुरांनी होते. मे महिन्यात ती पहिली चार मिनिटं कूलरच खाऊन टाकतो. मग कुणीतरी आवाज वाढवतं, आणि पडदा उघडताच मेजवानीचा गलका असा अंगावर येतो की शेजारी बेल वाजवतात. म्हणून आवाज आधी त्या मेजवानीवर बेतून ठेवा आणि मग सुरुवातीला या. हिवाळ्यातही पंचांग बघून लग्नाची तिथी नसलेला दिवस धरा. वरातीच्या बँडपुढे व्हेर्दीचं काही चालत नाही.

गोष्ट आधी सांगायची, शेवटासकट. नवखे आयोजक शेवट लपवतात आणि तिथेच चुकतात, कारण भाषा इटालियन असल्यामुळे ऐकणाऱ्याची सगळी ताकद ‘आता काय चाललंय’ यातच जाते. सिंधूचं काय होणार हे ठाऊक असूनही लोक ‘एकच प्याला’ला गर्दी करायचेच. ते लिहिणारे राम गणेश गडकरी १९१९ साली इथल्याच सावनेरला वारले; त्यांचं नाव काढलं की संगीत शोकांतिका म्हणजे काय हे नागपूरकराला निराळं समजवावं लागत नाही.

पाच मिनिटांत सांगण्यापुरती गोष्ट अशी. पॅरिसमधली व्हिओलेत्ता श्रीमंतांच्या पैशावर जगणारी बाई आहे आणि तिला क्षय झालेला आहे. आल्फ्रेदो तिच्यावर जीव टाकतो. दोघं शहराबाहेर राहायला जातात, आणि तिथला खर्च ती गुपचूप आपलं किडूकमिडूक विकून भागवते. एक दिवस आल्फ्रेदोचे वडील येऊन तिला म्हणतात, माझ्या मुलाला सोड. ती सोडते, कारण सांगत नाही. चिडलेला आल्फ्रेदो भर मेजवानीत जुगारात जिंकलेले पैसे तिच्या अंगावर फेकतो. खरं काय ते त्याला कळतं तेव्हा ती मरणाच्या दारात असते. ‘त्राव्हियाता’ म्हणजे वाट चुकलेली. पण वाट नक्की कोण चुकलं, हा वाद चहाच्या वेळी आपोआप निघतो.

एका बैठकीत सगळं उरकू नका. संगीत साधारण सव्वादोन तासांचं आहे, आणि सवय नसलेला कान तासाभराने थकतो. पहिल्या संध्याकाळी पहिला अंक (अर्धा तास) आणि दुसऱ्या अंकाचा पहिला प्रवेश (चाळीसेक मिनिटं). दुसऱ्या संध्याकाळी उरलेला तासभर. मधल्या वेळेत संत्रा बर्फी ठेवा. चिवडा नको, कुरकुरतो.

प्रत्येकाच्या हातात एक पान द्या, एकच. वर पात्रांची नावं, खाली प्रसंगाप्रसंगाने दहा-बारा ओळी, मराठीत. अख्ख्या संहितेचं भाषांतर झेरॉक्स करून वाटलं की माणसं परीक्षेसारखी खाली मान घालून वाचत बसतात. शिवाय बऱ्याच प्रयोगांत आल्फ्रेदोचं आणि वडिलांचं एकेक जलद गाणं गाळलेलं असतं, त्यामुळे संहिता आणि पडदा यांचा मेळ तुटतो. चित्रीकरण निवडताना पहिल्या खेपेला जुन्या पोशाखांतला प्रयोग घ्या. ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गचा २००५चा, रंगमंचावर भलंमोठं घड्याळ असलेला प्रयोग जबरदस्त आहे, पण तो दुसऱ्यांदा बघायचा. फ्रांको झेफिरेल्लीचा १९८२चा चित्रपट डोळ्यांना सोपा, मात्र त्यात संगीताला कात्री लागलेली आहे. टीव्हीला स्पीकर तारेने जोडा. ब्लूटूथवर आवाज ओठांच्या मागे पडतो. आणि जाहिराती येणार नाहीत याची खात्री आधीच करून घ्या. व्हिओलेत्ता प्राण सोडत असताना साबण आला की संध्याकाळ संपली.

“एवढं किंचाळतात कशाला?” हा प्रश्न येणारच, तो आधीच घ्या. आपल्याकडेही माइक येण्याआधी नट शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचे, पण साथीला ऑर्गन, सारंगी आणि तबला. इथे समोर पन्नास-साठ वादकांचा ताफा आणि माइक नाहीच. तो कंप आणि ती धार आवाज पलीकडे नेण्यासाठी आहे. दुसरी अडचण अशी की ख्यालाला सरावलेला कान सम शोधत राहतो. सम नाही, आणि जागेवर सुचलेल्या ताना नाहीत; जवळजवळ सगळं लिहिलेलं. पहिल्या अंकाच्या शेवटी व्हिओलेत्ताचं गाणं मात्र ओळखीचं वाटेल: आधी संथ, ‘आ, फोर्से लुई’, मग जलद, ‘सेम्प्रे लिबेरा’. विलंबितानंतर द्रुत समजा, एवढं पुरे. त्यातला सर्वांत वरचा शेवटचा स्वर व्हेर्दीने लिहिलेलाच नाही, तो गायिकांनी रूढ केला. कुणी घेतला नाही तर नाक मुरडू नका.

पहिल्या अंकातलं दारूचं गाणं सगळ्यांना आवडतं. त्यावर वेळ घालवू नका, ते स्वतःचं बघून घेतं. वेळ द्यायचा तो दुसऱ्या अंकात, व्हिओलेत्ता आणि आल्फ्रेदोचे वडील यांच्यातल्या पाव तासाला. म्हातारा आधी गुर्मीत येतो. मग मुद्दा काढतो: माझी मुलगी देवदूतासारखी निष्पाप आहे, आणि भाऊ तुझ्याकडे राहिला तर तिचं ठरलेलं लग्न मोडेल. इथे थांबवा आणि हे वाक्य मराठीत मोठ्याने वाचा. खोलीतल्या प्रत्येकाने हे कुठल्या ना कुठल्या बैठकीत ऐकलेलं असतं. मग पुढे लावा आणि फक्त तिच्या आवाजाकडे लक्ष द्यायला सांगा: आधी तुटक वाद, मग विनवणी, आणि ‘दिते आल्ला जोव्हिने’ला एकदम सरळ, शांत ओळ. ‘त्या मुलीला सांगा’, इतकंच ती म्हणते. हरल्यावर चाल सोपी होते. या पाव तासात कुणी मोबाइल काढला नाही, तर उरलेला ऑपेरा चालणार.

दुसऱ्या संध्याकाळी दोन जागांची आधी कल्पना द्या. तिसऱ्या अंकात ती पत्र वाचते ते गात नाही, नुसतं बोलते. मागे व्हायोलिनवर आल्फ्रेदोची पहिल्या अंकातली प्रेमाची चाल येते. आवाज गेला समजून कुणी रिमोट उचलतं, उचलू देऊ नका. आणि अगदी शेवटी ‘ए स्त्रानो’, नवल आहे, म्हणत ती उठते, दुखणं थांबलं म्हणते. नवख्यांना वाटतं वाचली. हेच दोन शब्द पहिल्या अंकात, प्रेमाची पहिली चाहूल लागताना, तिच्या तोंडी होते. ते पानावर दोन्ही ठिकाणी ठळक छापा. काही क्षणांत ती कोसळते.

गायिका धडधाकट आणि आजार क्षयाचा, यावर हसू फुटतंच. ६ मार्च १८५३ला व्हेनिसच्या ला फेनिचे नाट्यगृहात पहिल्याच प्रयोगाला लोक अंगाने भरलेल्या फान्नी साल्विनी-दोनातेल्लीला हसले होते. हा किस्सा आरंभीच सांगून टाका, म्हणजे हसणं तिथेच संपतं. पुढच्याच वर्षी त्याच शहरात दुसऱ्या नाट्यगृहात ऑपेरा गाजला, हेही सांगा.

शेवटचा सूर विरला की ट्यूबलाइट लावू नका. पहिल्या अंकाआधीची ती चार मिनिटं पुन्हा लावा. घरात पेटी असेल तर कुणाला तरी पांढरी सात धरायला सांगा: पहिल्या अंकाआधीची ती बारीक व्हायोलिनं तिथून सुरू होतात, आणि तीच चाल तिसऱ्या अंकाआधी अर्ध्या स्वराने वर, पांढरी एकवर येते. मरणाची चाल पहिल्या मिनिटालाच वाजून गेली होती, हे तेव्हा कुणीतरी स्वतःहून बोलून दाखवतं.