मीडियन नर्व्ह मोजताना मी कुठे चुकले

सोनोग्राफी शिकताना पहिल्या दोन महिन्यांत मला मनगटात मीडियन नर्व्ह, म्हणजे मनगटातून पंजात जाणारा मज्जातंतू, सापडायचीच नाही. टेंडन (स्नायूंचे दोर) आणि नर्व्ह दोन्ही सारखेच दिसायचे. तुमचंही तसंच होत असेल तर घाबरू नका, हे जमतं. प्रोब आडवा ठेवून कोपराकडे सरकवत जा. टेंडन स्नायूंत विरघळून जातात, नर्व्ह मात्र मधाच्या पोळ्यासारख्या जाळीसकट तशीच राहते. तिथे ओळखा आणि तिला नजरेआड न करता मनगटापर्यंत परत या. प्रोब किंचित कलवला की टेंडन काळे पडतात, नर्व्ह तेवढी बदलत नाही.

खरा धोका नर्व्ह सापडल्यानंतर आहे. पिसिफॉर्म या मनगटातल्या छोट्या हाडाच्या पातळीवर नर्व्हच्या आडव्या कापाचं क्षेत्रफळ साधारण 10 चौरस मिमीच्या पुढे गेलं की आपण कार्पल टनेलचा, म्हणजे मनगटातल्या बोगद्यात नर्व्ह दबल्याचा, संशय घेतो. माझ्या एका पेशंटबाईंचं मी 11 मोजलं आणि रिपोर्टमध्ये कार्पल टनेल लिहून टाकलं. शिकवणाऱ्या मॅडमनी तीच फ्रेम पुन्हा ट्रेस केली. आलं 9. पुढे नर्व्ह कंडक्शन, म्हणजे नर्व्हमधून संदेश कसा जातो ती तपासणी, नॉर्मल निघालं आणि त्रास मानेतून येत होता हे कळलं. त्या बाईंच्या हातावर विनाकारण शस्त्रक्रिया झाली असती, हा विचार अजूनही माझी पाठ सोडत नाही.

चूक कुठे झाली? नर्व्हभोवती एक पांढरी कड दिसते, एपिन्यूरियमची, म्हणजे तिच्या बाहेरच्या आवरणाची. ट्रेस त्या कडेच्या आतून न्यायचा असतो, मी बाहेरून नेला होता. एवढ्याशाने काय होतं असं मलाही वाटायचं, म्हणून हिशेब करून बघा. नर्व्ह गोल धरली आणि त्रिज्या 1.7 मिमी असेल तर क्षेत्रफळ 9.1 येतं. त्रिज्या 1.9 धरली की 11.3. फरक फक्त 0.2 मिमीचा, म्हणजे स्क्रीनवर कर्सरची एक रेघ! त्यात टनेलमध्ये शिरताना नर्व्ह खोल जाते. तिथे प्रोब तिला काटकोनात धरला नाही तर काप तिरका पडतो आणि आकडा आणखी फुगतो. आता मी इमेज मोठी करते, प्रोब कलवून सगळ्यात लहान आणि ठळक काप शोधते, आतून तीनदा ट्रेस करते. तिन्ही आकडे जुळेनात तर आधी माझा हात तपासते, नर्व्ह नंतर.

लंबगोल बसवून क्षेत्रफळ काढणारं इलिप्स टूल वापरू नका. घाईच्या ओपीडीत मोह होतो, पण टनेलमधली नर्व्ह क्वचितच सुबक लंबगोल असते. आणि शिकायचं असेल तर फक्त सही करणाऱ्यापेक्षा तुमच्या हातावर हात ठेवून प्रोब फिरवणारा सीनियर शोधा, कितीही रागीट असला तरी चालेल.

बाकीचं सवयीने येतं. जेल भरपूर लावा, दाबू नका, मनगट सरळ ठेवा. नर्व्ह दुभंगलेली असेल तर दोन्ही भाग वेगळे मोजून बेरीज करा. मधून धमनी जाते का तेही डॉपलरवर (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या मोडवर) बघा, सर्जनला ते कळलंच पाहिजे. आकडा काठावर असेल तर मनगटाच्या वर, प्रोनेटर क्वाड्रेटस या स्नायूच्या पातळीवर मोजून तुलना करा. मनगटात 2 चौरस मिमी किंवा त्याहून जास्त वाढ असेल तर निदानाला बळ मिळतं.

आणि आकडा नॉर्मल आला, तरी रात्री हात झटकत उठणाऱ्या पेशंटला ‘काही नाही’ म्हणून परत पाठवू नका.