कॅरॅव्हॅन जोडून मोठ्या शहरातून जाताना मार्ग कसा आखावा

मागे कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीला जोडून ओढायचं चाकांवरचं घर, असली की अरुंद रस्त्यातून गाडी मागे घेणं फार अवघड होतं. म्हणून शहरातला मार्ग निवडताना एक कसोटी लावा: वळण चुकलं, तर पुढे जाऊन पुन्हा मुख्य रस्त्याला लागता येईल का? येत असेल तर दहा-पंधरा किलोमीटरचा वळसाही परवडतो. बाह्यवळण रस्ता असेल तर तोच धरा.

आधी टेप घ्या. छतावर नंतर बसवलेला एसी, अँटेना किंवा सौर पॅनल माहितीपत्रकातल्या उंचीत धरलेलं नसतं. कॅरॅव्हॅन गाडीला जोडून, सपाट जागी, सर्वांत उंच वस्तूपर्यंत मोजा. आरशांसकट रुंदी, पुढच्या बंपरपासून कॅरॅव्हॅनच्या मागच्या टोकापर्यंतची लांबी आणि सामान भरल्यावरचं वजनही टिपून ठेवा. उंची मीटर आणि फूट अशा दोन्हींत लिहून डॅशबोर्डवर चिकटवा, २.६५ मीटर म्हणजे वर धरून ८ फूट ९ इंच. कमानीच्या पुलाखाली मधोमध मिळते तेवढी उंची कडेला मिळत नाही, आणि डांबराचा नवा थर चढला की तीही घटते. निदान २० सेंटिमीटर जागा शिल्लक राहील असेच पूल निवडा.

मग मार्ग काढा. साध्या मोबाइल नकाशाला तुमच्या मागे काय जोडलंय ते कळत नाही. उंची, रुंदी, वजन भरता येईल असं ॲप वापरा आणि ‘सर्वांत जवळचा मार्ग’ हा पर्याय बंद करा. गल्लीबोळात नेतो तो हाच.

आता सर्वांत महत्त्वाचं काम: प्रत्येक वळण उपग्रह चित्रात आणि रस्त्यावरून घेतलेल्या फोटोंत डोळ्यांनी तपासा. वळताना कॅरॅव्हॅनची चाकं गाडीच्या चाकांच्या आतून जातात. गाडी कोपऱ्यावरून सुखरूप निघते, पण मागचं चाक फुटपाथवर चढतं किंवा कोपऱ्यावरचा खांब कॅरॅव्हॅनची बाजू खरवडतो. त्याच वेळी मागचं टोक उलट बाजूला, शेजारच्या लेनमध्ये झुकतं. म्हणून कोपऱ्यावरचे खांब, उभ्या गाड्या, ट्रामचे थांबे बघा. काटकोनी वळणांपेक्षा मोठे, दोन-तीन लेनचे चौक बरे. कुठल्या लेनमध्ये आधीपासून असायला हवं तेही लिहून ठेवा, कारण १२ मीटरची जोडगाडी ऐनवेळी लेन बदलू शकत नाही.

नियम शहरागणिक बदलतात, त्यामुळे त्या शहराच्या वाहतूक विभागाची माहिती वाचा. काही बोगद्यांत गॅस सिलिंडर न्यायला बंदी असते किंवा मर्यादा असते. प्रदूषण-नियंत्रण क्षेत्रात ओढणाऱ्या गाडीची आगाऊ नोंदणी लागू शकते. पुलांच्या वजनमर्यादाही पाहा.

शहरात शिरायची वेळ सकाळ-संध्याकाळच्या गर्दीबाहेरची ठेवा. इंधन बाहेरच, ट्रक येतात अशा पंपावर भरा. शहर बघायचं असेल तर कॅरॅव्हॅन वेशीबाहेरच्या कॅम्पसाइटवर लावून रेल्वेने आत जा. बहुमजली पार्किंगच्या छताची उंची तिला पुरत नाही.

निघण्यापूर्वी दुसरा मार्गही कागदावर काढून शेजारी बसणाऱ्याकडे द्या. वळण हुकलंच तर ब्रेक मारू नका, सरळ जा, आणि कॅरॅव्हॅनसकट थांबता येईल अशी जागा सापडल्यावरच नकाशा उघडा.