उगवण लांबली असेल, तर आधी माती उकरून बी पाहावे

पेरणीनंतर अपेक्षित दिवस उलटले आणि कोंब दिसेनात, की बहुतेकांचा हात आधी पाण्याकडे जातो. रेंगाळलेल्या उगवणीचे मोठे नुकसान अनेकदा या घाईच्या पाण्यानेच होते, कारण ओल्या मातीतील पोकळ्या पाण्याने भरल्या की बियाला श्वसनासाठी हवा मिळत नाही आणि ते कुजू लागते. म्हणून जास्तीचे पाणी देण्यापूर्वी, आणि दुबार पेरणीचा निर्णय घेण्यापूर्वी तर नक्कीच, उंचवट्यावर व सखल भागात मिळून पाच-सहा ठिकाणी ओळीतील माती हळुवार उकरून बी प्रत्यक्ष पाहावे.

दिवस खरोखरच उलटले आहेत का, हेही तपासावे. मुळा तीन ते पाच दिवसांत वर येतो, तर गाजर आणि कोथिंबीर यांना दोन आठवडेही लागू शकतात. त्यातही मातीचे तापमान निर्णायक ठरते. मिरचीचे बी 25 अंश सेल्सिअसच्या आसपास आठ-दहा दिवसांत उगवते, मात्र माती 15 अंशांवर राहिली तर त्याच बियाला तीन आठवड्यांहून अधिक काळ लागतो. थंडीत टाकलेल्या मिरची-टोमॅटोच्या रोपवाटिकेला त्यामुळे रात्री आच्छादन घालून ऊब द्यावी. अशा वेळी वारंवार थंड पाणी दिल्यास माती आणखी गार होते. पालक आणि लेट्यूस यांचे याच्या उलट आहे: कडक उन्हाळ्यात माती तापली की त्यांची उगवण मंदावते किंवा थांबते, म्हणून त्यांना सावली करून पेरणी संध्याकाळी करावी.

उकरून काढलेले बी कोरडे आणि पेरले तसेच असेल, तर ओल त्याच्यापर्यंत पोहोचलेली नाही असे समजून हलके पाणी द्यावे. माती ओली असूनही बी टणक राहिले असेल, तर त्याचे टरफल पाणी आत घेत नसावे. भेंडी, कारले यांसारख्या बियाण्यांत हे नेहमी आढळते आणि पेरणीपूर्वी 12 तास कोमट पाण्यात भिजवल्याने बराच फरक पडतो. सोयाबीन आणि घेवडा मात्र भिजत घालू नयेत. त्यांचे नाजूक टरफल पाणी वेगाने शोषते, आतल्या दलांना तडे जातात आणि चांगले बियाणेही वाया जाते. एका पिकाला लागू पडलेला उपाय सरसकट सगळ्यांना लावण्याची चूक मला फार वेळा दिसते, म्हणून हे मुद्दाम सांगावेसे वाटते.

बी फुगलेले, घट्ट आणि वासरहित असेल तर ते जिवंत आहे. तेथे काहीही न करता तीन-चार दिवस थांबावे. दाबताच पिचकणारे, दुर्गंधी येणारे बी मात्र कुजलेले असते, त्या ठिकाणी पाण्याचा निचरा सुधारल्याशिवाय पुन्हा बी टाकू नये. कोंब फुटून मातीखालीच वाकडा झाला असेल, तर पेरणी खोल गेली आहे किंवा जोराच्या पावसानंतर वरच्या थराची पपडी धरली आहे. पपडीवर फवाऱ्याने हलके पाणी देऊन ती मऊ करावी. कोंब वर येण्याच्या बेतात असताना दाताळे फिरवल्यास ते मोडतात. खोलीचा ढोबळ नियम बियाच्या जाडीच्या दोन ते तीन पट असा आहे. बीच सापडत नसेल, तर मुंग्या किंवा पक्षी यांच्याकडे लक्ष द्यावे.

सर्व परिस्थिती योग्य असूनही उगवण नसेल, तर उरलेल्या बियाण्यातील 100 बिया ओल्या गोणपाटात किंवा कापडात ओळीने मांडून गुंडाळाव्यात, गुंडाळी उबदार जागी सावलीत ठेवून ओलसर राखावी आणि त्या पिकाला लागणारे दिवस पूर्ण होताच निरोगी मोड मोजावेत. अपेक्षा 80 ची असताना 60 च मोड आले, तर बियाण्याचे प्रमाण एक तृतीयांशाने वाढवून काम भागते. निम्म्याहून कमी मोड आले, तर मी ते बियाणे वापरू नये असेच म्हणेन, कारण उरलेल्या बियांची रोपेही सहसा कमजोर निघतात. कांद्याचे बी वर्षभरातच झपाट्याने निकामी होते, त्यामुळे जुन्या बियाण्याची ही चाचणी पेरणीच्या दोन आठवडे आधीच करावी. नुकत्याच काढणी केलेल्या सूर्यफुलाचे किंवा भाताचे बी मोड देत नसेल, तर ते मेलेले नसून सुप्तावस्थेत असू शकते; ते फेकू नये, काही आठवडे कोरडे साठवून पुन्हा तपासावे.

शेतातील उगवण विरळ असली तरी सारखी पसरलेली असेल, तर दुबार पेरणीपेक्षा नांगे भरणे, म्हणजे ओळीतील रिकाम्या जागी पुन्हा बी लावणे, परवडते. त्यासाठी त्याच वाणाचे बी वापसा असताना (माती ओलसर, पण चिखल नसलेली), पहिली रोपे दोन-तीन पानांची होण्यापूर्वी टोकावे, म्हणजे मागून आलेली रोपे मोठ्या रोपांच्या सावलीत दबत नाहीत.